सबब आणि कर्तेपण

नाशिकनजीक गोदावरीकाठी एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथील १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० व १९७१ साली सुरू झाले व सुमारे चाळीस वर्षे चालून थांबले. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. अशा केंद्रात संच दुरुस्तीसाठी उतरविला म्हणजे काम अनेक तुकड्यांत वाटले जाते व तो पुन्हा सुरू करण्याची तारीख आधीच ठरते. तारीख टळली की उत्तरे येतात : सुटे भाग पोचले नाहीत, पाऊस लागला, आधीच्या तुकडीने जागा मोकळी केली नाही. यांतील एकही उत्तर खोटे नसेल. मग खरे कारण सांगणाऱ्यास सबब सांगतो असे का म्हणावे?

जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परभिन्न आहेत, हे मार्गातील बालकही जाणते. यांपैकी प्रपंच जड आहे. पावसास वा आगगाडीस कोणी जाब विचारीत नाही, आणि सबब नेमकी तेथेच जाऊन बसते, जेथून प्रत्युत्तर येत नाही. कोणी दैवाचे नाव घेतो, म्हणजे देवतेच्या खाती लिहितो. दोहोंत जीव आपले कर्तेपण अन्य पदार्थावर ठेवतो. पाऊस पडला हे प्रपंचाचे. पाऊस येणार हे ठाऊक असून मौन राखले, हे जीवाचे. तेच वाक्य आठ दिवस आधी उच्चारले असते तर ती वर्दी ठरली असती.

केंद्रांतील परमिटाची पद्धत या दृष्टीने विचारणीय आहे. यंत्राचा वीजपुरवठा तोडून ते ज्याच्या हाती सोपविले, त्याचे नाव लिहिले जाते. काम संपल्यावर परमिट परत केल्यावाचून यंत्र चालू होत नाही. तेथे ‘कोणीतरी’ या शब्दास स्थान नाही, कारण चुकीत माणसाचा प्राण जातो.

आपल्या पूर्वजांनी हीच शिस्त ग्रंथात पाळली. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राच्या पोथ्या गेल्या. पोथी गेली, हे कारण खरे होते, कोणीही दोष दिला नसता. तरी हिराइसादिकांनी स्मरणावरून पाठ सिद्ध केले, व जेथे स्मरणांत भेद पडला तेथे तो झाकला नाही. अमुक पाठ अमुकाचा, असे नाव लागले. म्हणूनच आज अभ्यासकास पाठांची तुलना करता येते.

येथे एक आक्षेप उचित आहे. ज्यास तारीख ठरविण्याचा अधिकार नाही, त्याने उत्तर का द्यावे? कंत्राटी मजूर बैठकीत बसत नाही; तारीख वरून येते, ‘होय साहेब’ एवढेच त्याच्या वाट्यास. अशाकडून कर्तेपणाची अपेक्षा करणे हा अन्यायच होय. त्याची सबब बहुधा भीतीतून निघते, आणि ती भीती ज्याने निर्माण केली तोही त्या विलंबाचा कर्ता आहे. वर्दी देणाऱ्यास ज्या कचेरीत आळशी म्हणतात, तेथे पुढच्या वेळी कोणी वर्दी देत नाही. तारीख मात्र टळतेच. मग वरिष्ठही वर उत्तर देताना पावसाचेच नाव घेतो.