नाव लावणं

मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडने ना. म. जोशी यांचं नाव लावलं, त्याला बराच काळ लोटला. कामगारांसाठी झटलेल्या माणसाचं नाव ते. पत्ता सांगणारे मात्र अजून डिलाईल रोडच म्हणतात!

याच गिरणगावात गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर सोडलेलं तान्हं मूल सापडलं. त्यांनी ते घरी आणलं. पत्नी काशीबाईही गिरणीत राबणाऱ्या. तरी त्यांनी त्याला पदराखाली घेतलं, शाळेत घातलं. आणि आपलं नाव दिलं.

ते मूल पुढे शाळेत शिपाई झालं, मग शिक्षक. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालं. कविवर्य नारायण सुर्वे.

सत्काराच्या भाषणात चार नावं घेतली, की उपकार फिटले असं आपल्याला वाटतं. निम्मी नावं तर घाईत राहूनच जातात. नारायण सुर्व्यांनी मात्र गंगारामांचं नाव जन्मभर लावलं. प्रत्येक पुस्तकावर लावलं.

तुम्हाला घडवणारं कोणी हयात असेल, तर आज लोकल पकडण्याआधी एक फोन करा.

सुर्व्यांनी तर आपल्या वस्तीलाही मान दिला. कॉलेजची पायरी न चढलेल्या या कवीच्या एका संग्रहाचं नाव आहे ‘माझे विद्यापीठ’.