आठव्या अध्यायातला मुलगा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, जयंतीच्या सप्ताहात आपण पहिल्याच दिवशी श्रीगुरुचरित्राचे नऊ अध्याय वाचतो. त्या ओघात आठवा अध्याय भरकन निघून जातो. यंदा मात्र त्याच्यापाशी थोडं थांबू या, कारण ज्यांच्या घरात शाळेत जाणारं नातवंड आहे त्यांच्यासाठीच तो सांगितला आहे असं मला वाटतं.

कथा आपल्याला ठाऊक आहे. अंबिका नावाच्या ब्राह्मणीचा मुलगा मंदबुद्धीचा. मुंज झाली, पण विद्या येईना. बाप विद्वान, तो मारायचा. आई मध्ये पडायची. पुढे बाप गेला. मायलेक भिक्षा मागून राहू लागले आणि गावातले लोक मुलाला टोचून बोलू लागले. त्या बोलण्याला कंटाळून मुलगा जीव द्यायला निघाला, आईही त्याच्यामागे निघाली. कुरवपूरला कृष्णेच्या काठी श्रीपाद श्रीवल्लभांनी दोघांना अडवलं.

पुढचा चमत्कार आपण नेहमी सांगतो, की मस्तकावर हात ठेवला आणि मुलगा ज्ञानी झाला. पण महाराजांनी काय काय केलं, त्याचा क्रम पाहा. आधी त्यांनी थांबवलं. मग आईचं सगळं दुःख ऐकून घेतलं. मग शनिप्रदोषाचं व्रत, म्हणजे नियमाने करायचं काहीतरी हाती दिलं. मस्तकावर हात नंतर आला. आणि मुलाला "तू का शिकला नाहीस?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. तो प्रश्न बापाने आयुष्यभर छडी घेऊन विचारला होता, त्यातून विद्या आली नाही.

आता आपल्या दारातलं पाहू. २०२५ साली १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. सर्वांनी पेढे वाटले. मी जन्मभर बँकेत आकडेमोड केली, त्यामुळे नजर उरलेल्या आकड्याकडे गेली. शंभरातली सहा मुलं! त्यातला एक पूनम सागरमध्ये आमच्याच इमारतीत होता, गणितात राहिलेला. घरच्यांनी फोन उचलणं बंद केलं. कोणी विचारलं तर "गावाला गेलाय" म्हणून सांगत. मुलगा आतल्या खोलीत बसून ते ऐकत होता. सज्जनहो, गावकऱ्यांचे टोमणे आणि हे लपवणं, दोन्हींचा मुलाने घेतलेला अर्थ एकच: माझी घराला लाज वाटते.

त्याच अध्यायात उज्जयिनीच्या गवळ्याच्या पोराची गोष्ट आहे. तो दगड मांडून शंकराची पूजा खेळत होता. आई जेवायला बोलवायला आली आणि तिने पूजा मोडून टाकली. तिच्या लेखी ते दगड होते, पोराच्या लेखी देव. आपलंही असंच होतं. "एका परीक्षेचं एवढं काय?" असं आपण समजुतीच्या सुरात म्हणतो. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात मोठी अशी ती एकच गोष्ट असते. आधी त्याला रडू द्यावं, आपण शेजारी बसावं.

त्या मुलाच्या आजोबांनी तेच केलं. दोन दिवस काही बोलले नाहीत, जेवताना फक्त त्याच्या पानाशेजारी बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी गणिताचा मास्तर नव्हे. पण संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर आम्ही खातेवही फाडत नसू, एकेक नोंद पुन्हा तपासायचो. तसंच त्याच्याबरोबर बसलो. चूक सगळ्या गणितात नव्हती, बीजगणिताच्या दोन प्रकरणांत होती. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, शिवाय एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हेही घरात नीट कोणाला माहीत नव्हतं. मग नियम ठरला: रोज संध्याकाळी सात ते आठ गणित, समोर आजोबांची पोथी. पुरवणीत त्याला ४३ गुण मिळाले.

कोणी म्हणेल, दत्तकृपा. कृपा खरीच, पण दत्तमहाराज गुण वाढवून देणारे कारकून नव्हेत, आणि ४३ च्या जागी पुन्हा ३० आले असते तरी आजोबांनी पानाशेजारची जागा सोडली नसती. माझ्या मते कृपा ती.

नरसिंह सरस्वती मुंजीपर्यंत ओंकाराखेरीज काही बोलले नाहीत. माधव-अंबेला किती चिंता वाटली असेल! मुंज होताच त्यांच्या मुखातून वेद आले. प्रत्येक लेकराची वेळ वेगळी असते.

एक व्यवहाराचंही सांगतो. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, "मी नसतो तर बरं" असं बोलू लागलं, तर अंगारा लावून थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे. नदीकाठी अडवणं हे पहिलं काम.

आपल्या हाताने मंदबुद्धी ज्ञानी होणार नाही, ते सामर्थ्य श्रीपादांचं. पण थांबवणं, ऐकणं, नियम लावून देणं आणि पाठीवर हात ठेवणं, एवढं आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना नक्की जमतं. यंदाच्या पारायणात आठवा अध्याय आला की नातवंडाला जवळ बसवून मोठ्याने वाचा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥