तिकिटावरचा ठसा

मनात पाप नसले म्हणजे पुरे, असे आपण सहज म्हणून जातो. देवाला भाव हवा, बाकीचे अवडंबर कशाला, हे तर आपण आजीच्या मांडीवरच शिकलो. पण मन शुद्ध आहे हे ज्याचे त्याला ठाऊक. शेजारच्याने ते कसे ओळखावे? गेल्या वर्षी पुतण्याच्या आग्रहावरून मी इटलीत गेलो होतो. तेथे फ्लॉरेन्सहून पिसाला जाताना एका आगगाडीच्या तिकिटाने हा प्रश्न माझ्यापुढे टाकला.

ही दोन्ही शहरे आर्नो नदीच्या काठची, आणि एके काळची हाडवैरी. १४०६ साली फ्लॉरेन्सने पिसा जिंकले. १४९४ साली पिसाने जोखड झुगारले आणि पंधरा वर्षे झुंज देऊन १५०९ साली ते पुन्हा पडले. त्या लढाईत आर्नोचा प्रवाहच पिसापासून वळवावा असा घाट फ्लॉरेन्सने घातला होता, आणि त्या खटाटोपात खुद्द लिओनार्दो दा विंचीने डोके चालवले होते. १८४८ साली ही दोन शहरे रुळांनी जोडली गेली. आता साध्या गाडीलाही तासाभराहून फारसा वेळ लागत नाही.

या साध्या गाडीच्या कागदी तिकिटाची एक गंमत आहे. फलाटावर एक लहानसे यंत्र असते. चढण्यापूर्वी त्यात तिकीट घालून तारीख-वेळेचा ठसा आपणच उमटवून घ्यायचा. ठसा नसेल तर तेच तिकीट पुढच्या गाडीलाही चालून जाईल. म्हणून पैसे मोजूनही ठसा न घेणारा उतारू दंडास पात्र ठरतो. मुंबईच्या लोकलची कूपने ज्यांनी वापरली, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

एम्पोली स्टेशन मागे पडले आणि तपासनीस आला. समोरच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थांचे तिकीट कोरे निघाले. ते काही बोलले, तपासनीसही शांतपणे काही बोलला. पुतण्याने मला अर्थ सांगितला. म्हातारबुवा म्हणत होते, "मी पैसे दिले आहेत. मी काय चोर आहे?" आणि तपासनीस म्हणत होता, "मी आपल्याला चोर म्हणत नाही. मला फक्त कागद दिसतो." वृद्धाने दंड भरला. पैसे मोजताना त्यांची बोटे थरथरत होती. पुढे पिसा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

"काका, हा अन्याय नाही का?" पुतण्याने हळूच विचारले.

मी शाळामास्तर. कोरी उत्तरपत्रिका देऊन "मला सगळं येत होतं, गुरुजी" म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांतली काही खरेच बोलतात. तरी मी गुण कसे देऊ? न लिहिलेल्या उत्तराला गुण दिले, तर लिहिणाऱ्यांवर अन्याय होईल. मात्र गुण नाकारताना त्या मुलाला लबाड म्हणण्याचा अधिकार मला मिळत नाही. तपासनीसाने हीच मर्यादा पाळली होती.

याच रुळांच्या दोन टोकांना एक माणूस आहे, त्याच्याकडे पाहा. गॅलिलिओ १५६४ साली पिसात जन्मला. त्याची समाधी फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये आहे. १६३३ साली रोममध्ये धर्मन्यायालयासमोर गुडघे टेकून त्याने पृथ्वी फिरते हे मत सोडल्याचे वाचून दाखवले. कागद हवा तसा झाला. तरीही १६४२ साली मरेपर्यंत त्याला स्थानबद्ध ठेवण्यात आले. कागदावरच्या शब्दांमागे त्याचे मन होते, असे आज क्वचितच कोणी मानील.

म्हाताऱ्याचे मन स्वच्छ होते आणि कागद कोरा. गॅलिलिओचा कागद पुरा होता आणि मन दुसरीकडे. दोघांनाही शासन झाले. मग फरक कोठे? मला वाटते, तो मागणाऱ्यात आहे. तपासनीसाने कृतीची खूण मागितली, कारण त्या कृतीशी इतर उतारूंचाही संबंध होता. धर्मन्यायालयाने विचारावरच ठसा मागितला. चार माणसांत राहायचे तर पहिली खूण आपण द्यायलाच हवी. तिला अवडंबर म्हणणे बरे नव्हे. दुसरी मागण्याचा हक्क राजाला नाही, धर्मपीठाला नाही, आईबापांना नाही आणि माझ्यासारख्या मास्तरालाही नाही.

दिवाळीच्या संध्याकाळी आपण पणती उंबऱ्याबाहेर ठेवतो. माझ्या मनात उजेड आहे, मग दारात तो कशाला, असे कोणी म्हणत नाही. वाटेने जाणाऱ्याला आपले मन दिसत नसते. पण त्या वाटेने जाणाऱ्यानेही पणती पाहून पुढे जावे. घरात शिरून मनातला दिवा तपासू नये.