एक तास अधिक

परीक्षांचे दिवस आले की पालकांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास कानी पडते. "त्या मुलाला तीन तासांच्या पेपराला चार तास मिळतात, मग आमच्याच मुलाने काय पाप केले?" असे विचारणारी माणसे दुष्ट नसतात. एकेका गुणासाठी प्रवेश हुकल्याचे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून त्यांच्यावर न रागावता आपण उत्तर शोधावयास हवे.

इतिहासाच्या पेपरात इतिहासाची समज मोजावयाची असते. हाताचा वेग मोजण्यासाठी ती परीक्षा नसते. अंध विद्यार्थ्याला प्रश्न दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, उत्तर शब्दाशब्दाने सांगावे लागते, लिहिलेले पुन्हा ऐकावे लागते. नियमाने तासामागे मिळणारी वीस मिनिटे या खटाटोपातच खर्ची पडतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे विकास कुमार यांचा खटला आला. लिहिताना त्यांच्या हाताला पेटके येत. परंतु ठरावीक प्रकारच्या व किमान ४० टक्के अपंगत्वाच्या अटीत ते बसत नव्हते, म्हणून त्यांना लेखनिक नाकारला गेला होता. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

मात्र खरी कसोटी परीक्षेच्या खोलीत लागते. आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण लेखनिक म्हणून जातात. विद्यार्थी चुकीचे साल सांगतो. लेखनिकाला बरोबर साल ठाऊक असते. लेखणी क्षणभर थांबते. परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने एक पायरी खालचा असावा, असे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले होते. तरी पाठ केलेले साल खालच्या वर्गातील मुलालाही ठाऊक असू शकतेच. दयेपोटी चूक सुधारली, तर उत्तरपत्रिका त्या विद्यार्थ्याची राहत नाही. उलट लेखनिक कंटाळून तीन वाक्यांचे एक करू लागला, तर सांगणाऱ्याला ते दिसतही नाही! दोन्ही प्रकार आम्हांला सारखेच अन्यायाचे वाटतात.

"बिचारा आहे, द्या पाच गुण" म्हणणाऱ्या प्राध्यापकाचेही तसेच. त्या पाच गुणांमुळे विद्यार्थ्याने कष्टाने मिळविलेल्या साठ गुणांकडेही लोक संशयाने पाहू लागतात. साहाय्य परीक्षेपूर्वी वर्षभर हवे. २०१६ च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. पण प्रवेश मिळूनही वाचता येईल असे पुस्तक न मिळाल्यास त्या विद्यार्थ्याने काय करावे? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र आहे. सगळ्याच महाविद्यालयांना तेवढे जमणार नाही, हे खरे. तथापि तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग खाली आणावयास पैसा लागत नाही.

आणि रविवारच्या मिस्साविधीनंतर अर्धा तास बसून एखाद्या विद्यार्थ्यासाठी धडा ध्वनिमुद्रित करणे आपल्या युवकांना अशक्य नाही. कोठे असे सुरू झाल्यास आम्हांला अवश्य कळवावे.