वाढीव बळ

माझ्या दिवंगत भावाची मोटार आता वीस वर्षांहून अधिक जुनी झाली आहे. २००४ साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. आखातातली नोकरी संपवून परतल्यावर त्याने ती हौसेने घेतली होती. गेल्या पावसाळ्यात पुतण्या दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. एक होता गॅरेजवाल्याने लिहून दिलेली सुधारणांची यादी. दुसऱ्यावर २०१७ च्या, त्याच नावाच्या, परंतु २३० अश्वशक्तीच्या वापरलेल्या गाडीचा तपशील होता. "काका, बाबांच्या गाडीवर पैसे घालू, की ही घेऊ?"

प्रश्न वरकरणी हिशेबाचा. मी मात्र त्यात गुंतत गेलो.

टर्बो हे यंत्र मनन करण्यासारखे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एरवी वाया जायचा; तोच एक चाक फिरवतो, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून बळ अधिक. हा दाब कुठवर जाऊ द्यावयाचा, हे गाडीतला संगणक ठरवतो. रचनाकारांनी ती मर्यादा मुद्दाम थोडी अलीकडे आखलेली असते. उन्हाळा, हलके पेट्रोल, निष्काळजी मालक, या सर्वांचा विचार करून ठेवलेली ती शिल्लक असते. गॅरेजवाला म्हणतो, "ही शिल्लक पडून आहे, वापरा." संगणकातील आज्ञावली बदलली की १५० चे १८० च्या आसपास होतात. मग वाढलेला जोर जुन्या क्लचला पेलत नाही. क्लच बदलला की हवा थंड करणारा इंटरकूलर अपुरा वाटू लागतो. ब्रेक मात्र यादीत सर्वांत शेवटी होते! मला ते पाहूनच वाईट वाटले.

पुतण्याचे म्हणणे, जुनी गाडी सुधारणे ही बाबांशी निष्ठा. मला ते पटेना. दुरुस्ती आणि वाढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टायमिंग बेल्ट, झिजलेले शॉक अॅब्सॉर्बर, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलासाठी न घडवलेले रबरी पाइप बदलणे म्हणजे वस्तूला तिचे मूळ रूप परत देणे होय. वाढीव बळ तिच्याकडून जे मागते, ते देण्याचे तिने कधी कबूलच केले नव्हते. शिवाय ती शिल्लक एकट्या मालकाची नसते; मागच्या आसनावरचे मूल आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी यांचाही तीत वाटा असतो.

मी त्याला एवढेच विचारले, "हे तू विमा कंपनीला कळवशील का? परिवहन कार्यालयाला?" तो गप्प झाला. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर कायद्याची बंधने आहेत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती ठामपणे अधोरेखित केली. परंतु मला कायद्यापेक्षा त्याचे ते गप्प होणे अधिक बोलके वाटले. लपवावी लागणारी सुधारणा ही कसली सुधारणा?

तर मग नवी घ्यावी का? ज्याला वेगच हवा आहे, त्याच्यासाठी तो मार्ग अधिक सरळ, हे मान्य केले पाहिजे. तिथे बळाच्या मापाने ब्रेक आहेत, आणि अपघातात माणसाला वाचविण्याचे एका तपाहून अधिक काळाचे वाढीव ज्ञानही आहे. पण २०१७ ला २३०, २०२० ला २४५, २०२५ ला २६५ अश्वशक्ती! त्या शेवटच्या गाडीच्या तर देशभरात अवघ्या १०० प्रती, प्रत्येकी सुमारे पन्नास लाखांना. त्या वाटेवर कुठल्या मुक्कामाला पुरे म्हणावयाचे? आणि हे बळ खर्च तरी कुठे करावयाचे? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला १०० किलोमीटरची मर्यादा आहे. भावाची गाडी तो वेग आजही सहज गाठते. आमच्या वसईच्या गल्ल्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

असो. इतके सारे बोलून झाल्यावर एक गोष्ट माझ्याच ध्यानात आली. ती गाडी अंगणातून जाऊ नये, असे मला आरंभापासूनच वाटत होते. स्टिअरिंगवरचे चामडे जिथे गुळगुळीत झाले आहे, तिथे भावाचा हात असे. माझी आठवण जपण्यासाठी मी पुतण्याच्या पैशांचा उपदेश करीत होतो. हे मी त्याला सांगून टाकले. तो हसला. म्हणाला, "मला ठाऊक होतं, काका."

शेवटी ठरले ते असे: आधी ब्रेक, टायर आणि पाइप. मग सहा महिने चालवावयाची, आणि नंतर विचार करावयाचा. परवा तो गाडी घेऊन आला होता. ब्रेक नवे, इंजिन जसे होते तसेच. गॅरेजवाल्याची यादी मात्र त्याने फाडलेली नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात, भावाच्या जुन्या चष्म्याखाली ती घडी करून ठेवलेली मी पाहिली.