गैरहजरांचा हिशेब

सरासरी ही मोठी सोयीची वस्तु आहे, आणि सोयीच्या वस्तूंना मनुष्य सहसा नीतीचे प्रश्न विचारीत नाहीं. ते विचारावे असें ज्यावरून वाटतें, तें उदाहरण वैद्यकांतलें आहे.

लहानपणीं संधिवाताचा ताप येऊन ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या, अगर ज्यांना धातूची झडप बसविली, अशा पुष्कळ रोग्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनच्या कुळांतील गोळी जन्मभर घ्यावी लागते. वॉर्फरिन १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें व १९५४ पासून तें माणसांना देऊं लागले. मात्रा कमी पडली तर गुठळी मेंदूंत जाण्याची भीति, जास्त झाली तर रक्तस्रावाची. म्हणून आयएनआर नांवाचें रक्ताचें एक प्रमाण वरचेवर तपासून तें बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान राखतात.

तें कितपत राखलें गेलें हें मोजण्याची रीत रोझेंडाल या डच संशोधकानें १९९३ त सहकाऱ्यांसह घालून दिली. दोन तपासण्यांमध्यें तें प्रमाण सरळ रेषेंत बदललें असें समजावयाचें, आणि शेंकडा किती दिवस तें मर्यादेंत होतें हें काढावयाचें. रक्त कांहीं सरळ रेषेंत चालत नाहीं. पण ही कल्पना उघड असल्यामुळें क्षम्य आहे. खटकतो तो दुसरा संकेत. दोन तपासण्यांत ५६ दिवसांहून अधिक अंतर पडल्यास तो काळ सामान्यतः हिशेबांतूनच वगळतात. जें ठाऊक नाहीं त्याविषयीं अनुमान करूं नये, हें तर्कशास्त्राला धरूनच झालें. परंतु वगळला जातो तो कोण?

डहाणू-तलासरीकडे पाहा. दिवाळीनंतर तेथील अनेक आदिवासी कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. पाऊस पडला कीं पानांत टाकळ्यासारखी रानभाजी येते, आणि हिरव्या पाल्यांतील के जीवनसत्त्व म्हणजे या गोळीचा नेमका प्रतिपक्षी. अशा घरांत असा रोगी असेल तर त्याचें स्थलांतर तपासणीच्या वहींत कोरें राहणार. मोजले जातील ते दिवस, तो दवाखान्याच्या हांकेच्या अंतरावर होता तेवढेच. कोष्टकांत एकहि आंकडा खोटा नसेल. पण अश्वत्थाम्याविषयीं धर्मराज जें बोलला त्यांतहि शब्दशः असत्य कांहीं नव्हतें, तरी त्याचा रथ भुईला टेकलाच.

कोणी म्हणेल, आतां तपासणीवांचून चालणारीं नवीं औषधें निघालीं आहेत. हा जुना वाद कशाला? तर त्या औषधांची थोरवी ठरली तीहि याच मापानें. २०११ त प्रसिद्ध झालेल्या रॉकेट चाचणींत वॉर्फरिन घेणाऱ्यांचें प्रमाण सरासरीनें शेंकडा ५५ दिवस मर्यादेंत होतें; पण कॅनडा-अमेरिकेंत ६४ आणि हिंदुस्थानांत केवळ ३६ च्या आसपास. प्रतिस्पर्धी अर्धपोटीं असतांना मिळविलेला विजय कितपत खरा, ही शंका रास्तच आहे. शिवाय संधिवातानें झडपा बिघडलेल्यांवर २४ देशांत झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीनें २०२२ त दाखविलें कीं, त्यांच्यांत जुन्या औषधानेंच मृत्यु कमी होतात. आणि तेथेंहि आयएनआर राखण्याचें काम निर्दोष नव्हतें. म्हणजे ज्याला तपासणी दुर्मिळ, नेमकी त्यालाच तपासणी चुकत नाहीं.

छत्तीस हा आंकडा वाचून हिंदी रोगी बेशिस्त, असा निष्कर्ष काढणारे सुशिक्षितहि आपल्यांत थोडे नाहींत. शिस्तीला एस.टी.चें भाडें आणि बुडालेली मजुरी लागते, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

वगळलेला काळ मोजूंच नये, असें माझें म्हणणें नाहीं, आणि तो मनानें भरून काढावा असेंहि नाहीं. वगळले ते दिवस किती व कोणत्या रोग्यांचे, एवढें सरासरीच्या शेजारीं त्याच कोष्टकांत छापावें. मग तलासरीच्या रोग्यासमोर बसलेल्या डॉक्टराला निदान कळेल कीं, हातांतला आंकडा या माणसासारख्यांचा आहे, कीं दुसऱ्याच कोणाचा.