परतीची वाट

आईचा 1968 सालचा एकुलता एक फोटो दुरुस्त करायचा म्हणून साठाव्या वर्षी मी गिंप हे चित्रं-फोटो दुरुस्त करण्याचं सॉफ्टवेअर शिकायला बसले. संगणकावर जुनी 2.10 आवृत्ती होती. मार्च 2025 मध्ये 3.0 आली होती. भाचा म्हणाला, "मावशी, नवीनच घे." मला मात्र अधिकारभेद आठवला. साधकाची जेवढी तयारी, तेवढंच साधन त्यानं हाती घ्यावं. म्हणून जुनीच उघडली.

फोटोवर धूसर करणारं फिल्टर लावलं आणि फाइल साठवली. सकाळी पाहते, तर कागदावरच्या चऱ्यांबरोबर आईच्या गालावरचे देवीचे वणही विरून गेलेले. मूळ स्कॅन वेगळा ठेवला होता, म्हणून आई परत मिळाली.

मग भाच्याचं ऐकून 3.0 घेतली. तिच्यात असं फिल्टर आपोआप चित्रात मुरत नाही. ते लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, वेगळं राहतं. बंद करता येतं, मागाहून बदलता येतं. एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणारं क्लोनचं टूल मात्र तिथंही थेट चित्रच बदलतं, म्हणून आधी लेयरची प्रत काढते.

अधिकाराचा अर्थ मला आता वेगळा वाटतो. ज्याचा हात बसलेला नाही, त्याला सोप्या साधनापेक्षा परतीची वाट अधिक हवी. चुकीला प्रायश्चित्त असतं, म्हणून तर माणूस शिकू धजतो.

चरे कागदाचे होते, वण आईचे. काय पुसायचं आणि काय जपायचं, हे कुठलीच आवृत्ती सांगत नाही. तो विवेक माझा मलाच करावा लागतो.